नीत्शे हे आडनाव नेमकं कुणाचं?

जर्मनीत म्युलर, श्मिट, श्नायडर ही आडनावं पावलोपावली भेटतात. नीत्शे हे आडनाव साऱ्या जगाला ठाऊक आहे, पण नेमक्या त्या स्पेलिंगने ते लावणारी घरं खुद्द जर्मनीत फार थोडी आहेत. ते आलं कुठून, हा वाद तत्त्वज्ञ फ्रीडरिश नीत्शेने स्वतःच उभा केला. आपण जर्मन नव्हे, पोलिश उमरावांच्या कुळातले, असं तो शेवटपर्यंत सांगत राहिला. त्या वादाच्या दोन बाजू इथे दोघांच्या तोंडी दिल्या आहेत. मावशींनी पुण्यात आयुष्यभर जर्मन शिकवलं. भाचा लाइपझिगला नोकरीला आहे आणि नीत्शे त्याने मन लावून वाचला आहे. आडनावांच्या इतिहासावर दोघांचाही जीव आहे, मतं मात्र जुळत नाहीत.

भाचा : मावशी, तू त्याचं पोलिशपण एका वाक्यात मोडीत काढतेस, ते मला पटत नाही. माणूस स्वतःच्या घराण्याबद्दल जे सांगतो, त्याला काही किंमत आहे की नाही? १८८८ च्या एप्रिलमध्ये त्याने कोपनहेगनच्या गेओर्ग ब्रांडेस या समीक्षकाला पत्रातून स्वतःची माहिती कळवली. आपले पूर्वज पोलिश उमराव होते आणि आडनावाचं मूळ रूप 'नीएत्स्की' होतं, असं त्यात आहे. नीस शहरातल्या पाहुण्यांच्या यादीत आपली नोंद पोलिश म्हणून झाली, हेही तो मोठ्या समाधानाने लिहितो. 'एक्के होमो' या पुस्तकात तर आपल्यात जर्मन रक्ताचा थेंबही नाही, इथवर त्याची मजल गेली. लहानपणापासून घरात ऐकल्याशिवाय कुणी इतक्या खात्रीने बोलेल?

मावशी : ऐकलं असेल की! घरोघरी ऐकलेलं असतं. आपल्याकडे कितीतरी घराणी मूळ सांगायला बसली की थेट चितोडपर्यंत जातात. म्हणून ते खरं ठरतं का? कागद काय सांगतो ते बघ. हा र्‍योकेनच्या पाद्र्याचा मुलगा, जन्म १५ ऑक्टोबर १८४४. वडील कार्ल लुडविग लुथरन पाद्री, आईचे वडीलही पाद्री. वडिलांचे वडील आइलेनबुर्गला चर्चचे सुपरिंटेंडंट. पणजोबा बिब्रा नावाच्या लहानशा गावात करखात्याचे तपासनीस. आणखी मागे गेलास की माग लाउझिट्स प्रांतातल्या बुर्काऊ गावात पोचतो. या सगळ्या वंशावळीत एकही उमराव नाही, एकही पोलिश माणूस नाही.

भाचा : त्याच्या बहिणीने, एलिझाबेथनेही तेच सांगितलं होतं. धर्मापायी पोलंड सोडून आलेलं उमराव घराणं, म्हणून.

मावशी : एलिझाबेथच्या शब्दावर विसंबायचं? भावाच्या पत्रांत तिने किती फेरफार केले, ते आता जगजाहीर आहे. तिची ती कहाणी हान्स फॉन म्युलर या अभ्यासकाने तिच्या हयातीतच खोडून काढली. पुढे वायमारच्या नीत्शे-संग्रहालयाचं काम बघणाऱ्या माक्स ओएलरने, म्हणजे त्यांच्याच मामेभावाने, पूर्वजांची यादी काढून दाखवली. बायकांच्या माहेरची आडनावंसुद्धा जर्मनच निघाली.

भाचा : थांब. माक्स ओएलरने हे कधी केलं? १९३० च्या दशकात ना? म्हणजे हिटलरच्या अमलात. त्या काळात जर्मनीत दर माणूस पूर्वजांचे दाखले गोळा करत फिरत होता. १९३३ च्या एप्रिलमधल्या कायद्याने सरकारी नोकरांना आजी-आजोबांपर्यंतचा पुरावा द्यावा लागला. त्यापायी चर्चच्या जन्मनोंदींचे उतारे देता देता पाद्री टेकीला आले. 'आनेनपास' नावाची वंशपुस्तिका खिशात असल्याशिवाय लोकांची कामं होईनात. ज्या राजवटीने नीत्शेला आपला तत्त्वज्ञ ठरवलं, तिला तो अस्सल जर्मन निघायला हवाच होता. आणि तो तसा निघाला! तुझ्या कागदामागेही कुणाचा तरी हेतू आहे, मावशी.

मावशी : हेतू वाईट होता, यात शंका नाही. पण कागद त्या हेतूने लिहिला नव्हता. र्‍योकेन, आइलेनबुर्ग, बिब्रा इथल्या नोंदी करणाऱ्या पाद्र्यांना पुढे हिटलर येणार आहे, हे माहीत नव्हतं. त्यांनी बारशाच्या दिवशी बारसं लिहिलं आणि मातीच्या दिवशी माती. शोधणाऱ्याची दानत खोटी असली तरी नोंद खरी असू शकते. ती नव्याने तपासायची, एवढंच आपल्या हातात असतं.

भाचा : आणि नीत्शेचा हेतू? तो का नाही तपासत तू? १८७१ मध्ये बिस्मार्कचं साम्राज्य उभं राहिलं आणि जर्मन असण्याचा नुसता माज झाला, असं त्याचं मत होतं. १८६९ मध्ये बाझेलला प्राध्यापक म्हणून जाताना त्याने प्रशियाचं नागरिकत्व सोडलं आणि पुढे कुठल्याच देशाचं घेतलं नाही. मरेपर्यंत तो बिनदेशाचा माणूस होता. सख्ख्या बहिणीने बेर्नहार्ड फ्योर्स्टर या ज्यूद्वेष्ट्याशी लग्न केलं आणि दोघं पॅराग्वेत 'शुद्ध' जर्मनांची वसाहत काढायला गेली. त्याला याची किळस होती. तेव्हा 'मी तुमच्यातला नाही' हे सांगायला त्याने आडनावाचा आधार घेतला. ही थाप नव्हे, मावशी. त्याची ती भूमिका होती.

इथे मला मध्ये बोलल्याशिवाय राहवत नाही. भाच्याचं म्हणणं ऐकायला आवडतं आणि त्यात पुष्कळ तथ्यही आहे. पण नीत्शेने निवडलेलं मूळ उमरावाचं होतं, लाउझिट्समधल्या शेतकऱ्याचं नव्हे. जर्मन साम्राज्याचा अहंकार झिडकारताना त्याने पोलिश सरदारीचा अहंकार अंगावर घेतला. रक्ताची भाषा त्याने टाकली नाही, फक्त रक्त बदललं. माझ्या मते त्याच्या दाव्यातली खरी उणीव ही आहे. पोलिश की जर्मन, हा प्रश्न त्यापुढे लहान आहे.

मावशी : भूमिका म्हणून मी मान देते. पण आडनाव कुठून आलं, या प्रश्नाचं उत्तर भूमिकेतून मिळत नाही. ते मिळतं अक्षरांतून. लाइपझिगला ट्रामच्या पाट्या रोज वाचतोस ना? लॉइच, क्लाइनचोखर. रोमन लिपीत त्या 'च'साठी किती अक्षरं घालतात?

भाचा : लॉइचच्या शेवटी टी, झेड, एस, सी, एच. पाच अक्षरं सलग. पहिल्यांदा पाटी वाचताना जीभ अडखळली होती.

मावशी : नीत्शेमध्ये तीच पाच, त्याच क्रमाने. हा योगायोग नाही. एल्बे आणि झाले या नद्यांच्या पूर्वेला सातव्या शतकाच्या सुमारापासून स्लाव्ह लोकांची वस्ती होती. जर्मन शेतकरी आणि कारागीर तिथे मोठ्या संख्येने आले ते बाराव्या शतकापासून. गावांची नावं स्लाव्ह होती आणि लिहिणारे कारकून जर्मन. त्या भाषांतला 'च' कागदावर उतरवताना सॅक्सनीतल्या कारकुनांनी ही अक्षरांची माळ वापरली. डेलिच, चोपाऊ, सगळीकडे तेच. लाइपझिगसुद्धा मूळचं 'लिप्स्क', लिंडनच्या झाडांचं गाव, असंच परंपरेने सांगत आले आहेत.

भाचा : मग आडनाव स्लाव्ह झालं! म्हणजे नीत्शे अगदीच चुकीचं बोलत नव्हता.

मावशी : घाई करू नकोस. या आडनावाच्या मुळाशी निकोलाउस आहे. संत निकोलस, मायराचा बिशप. नाव मुळात ग्रीक. मध्ययुगात व्यापारी आणि दर्यावर्दी त्याला फार मानत, त्यामुळे युरोपभर मुलांना ते नाव ठेवत. आता एवढं लांबलचक नाव घरात कोण उच्चारणार? पश्चिमेकडे शेवट धरला, क्लाउस झालं. सायलेशियात क्लोझे झालं.

भाचा : मिरोस्लाव क्लोझे! २०१४ मध्ये विश्वचषकातल्या सर्वांत जास्त गोलांचा विक्रम केला, १६ गोल. तो जन्मला ओपोलेला, म्हणजे सायलेशियातच.

मावशी : तोच. त्याचं आडनाव आणि नीत्शेचं आडनाव एकाच संताच्या नावातून निघालेलं. पूर्वेकडे लोकांनी नावाची सुरुवात धरली. निक, निकेल, नित्स. त्यावर स्लाव्ह वळणाचा लाडका प्रत्यय बसला आणि नित्श, नित्शे, नित्श्के अशी रूपं झाली. फ्रीडरिशचं फ्रीत्शे याच वाटेने झालं. सॅक्सनीत फ्रीत्शे आणि नित्शे शेजारी शेजारी राहतात. तेव्हा नाव ग्रीक, आखूड केलं जर्मन जिभेने आणि शेवट दिला स्लाव्ह सवयीने. यातलं कुठलं रक्त शुद्ध काढायचं, ते तू मला सांग.

भाचा : मी शुद्ध म्हणतच नाही. स्लाव्ह धागा आहे, एवढंच म्हणतो.

मावशी : धागा आहे, पण तो वॉर्साहून आलेला नाही. बुर्काऊ आहे वरच्या लाउझिट्समध्ये, बाउत्सेनच्या बाजूला. तो सोर्ब लोकांचा मुलूख. जर्मनीतले हे स्लाव्ह, आज त्यांची संख्या सुमारे ६०,००० धरतात. तिथून जवळच कामेन्त्स गाव आहे, १७२९ मध्ये लेसिंग तिथे जन्मला. जर्मन नाटकाचा पाया घालणारा लेसिंग! त्याचं आडनावही अभ्यासक सोर्बी भाषेतल्या वनरक्षकाच्या शब्दापर्यंत नेतात. आणि लाइपझिगला १६४६ मध्ये जन्मलेला लाइबनित्स? त्याने तर स्वतःच लिहून ठेवलं की आपलं आडनाव स्लाव्ह आहे. जर्मनीची बुद्धी म्हणून ज्यांची नावं घेतात, त्यांतल्या तिघांची आडनावं या एका पट्ट्यातली आहेत. नीत्शेला पोलंडपर्यंत जायची गरजच नव्हती. त्याला हवं होतं ते लाउझिट्समध्येच होतं, पण तिथे सरदारी नव्हती.

भाचा : हे मात्र मला आवडलं. पण मग मला एक सांग, सगळेच नित्शे सोर्ब मुळाचे का?

मावशी : नाही, आणि इथेच लोक फसतात. असा प्रत्यय असलेलं नाव जर्मन बोलणाऱ्या घरातही ठेवलं जाई. शेजार मिसळला की नावं ठेवण्याची पद्धतही मिसळते. आडनाव बघून एखाद्या घरातली भाषा सांगता येत नाही. फार तर मुलूख सांगता येतो.

भाचा : मुलूख सांगायची रीत मी पाहिली आहे. 'जर्मन आडनावांचा नकाशासंग्रह' म्हणून मोठं काम झालंय, कोनराड कुंझे आणि डामारिस न्युबलिंग यांनी चालवलेलं. त्यासाठी त्यांनी २००५ मधल्या टेलिफोन जोडण्या वापरल्या. कोट्यवधी नोंदी. प्रत्येक घरात लँडलाइन असण्याचा तो जवळजवळ शेवटचा काळ, म्हणून ते वर्ष सोन्यासारखं. असे नकाशे काढले की 'ई' नसलेले नित्शे सॅक्सनीत दाट दिसतात. 'आय'पुढे 'ई' घातलेला आपला नीत्शे त्यांच्यापुढे अगदी विरळ.

मावशी : त्या नकाशावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. १९४५ नंतर सायलेशिया, बोहेमिया, पूर्व प्रशिया इथून सुमारे सव्वा कोटी जर्मन हाकलले गेले किंवा पळाले. सायलेशियातले नित्शे आणि नित्श्के पश्चिमेत, बव्हेरियात जाऊन राहिले. २००५ चा नकाशा तुला ती निर्वासितांची वाट दाखवतो, मूळ गाव नाही. मूळ गावासाठी पुन्हा चर्चच्या वहीकडेच यावं लागतं.

भाचा : आणि ती वही तीस वर्षांच्या युद्धात जळलेली असते!

मावशी : पुष्कळ ठिकाणी जळली. र्‍योकेनच्या शेजारचंच ल्युत्सेन घे. १६३२ मध्ये तिथल्या लढाईत स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ पडला. तो सगळा मुलूख सैन्यांनी तुडवला. जिथे वही उरली, तिथे नशीब म्हणायचं.

भाचा : बरं, मग 'ई' कुठून आला? एकाच घराण्यात आधी एक स्पेलिंग, नंतर दुसरं. हा कुणी मुद्दाम केलेला बदल आहे का?

मावशी : मुद्दाम असायची गरज नव्हती. पाद्री कानाला ऐकू येईल तसं लिही. 'इ' लांब ऐकू आली की पुढे 'ई' घाली. एकाच माणसाचं नाव बारशाला एक, लग्नाला दुसरं, असं सर्रास चाले आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. प्रशियात १८७४ मध्ये आणि साऱ्या साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून सरकारी नोंदणी कचेऱ्या सुरू झाल्या. तेव्हापासून आडनावाचं एकेक अक्षर कायद्याने गोठलं. ज्या घराण्याच्या वाट्याला त्या वेळी 'ई' आला, त्याला तो कायमचा चिकटला. जगप्रसिद्ध स्पेलिंग म्हणतो आपण, ते कुठल्या तरी पाद्र्याच्या कानाचं आणि पुढे कचेरीतल्या कारकुनाचं देणं आहे. आडनाव दुर्मिळ असणं म्हणजे घराणं थोर असणं, ही समजूत मला फार खटकते. पुष्कळदा स्पेलिंग तेवढं दुर्मिळ असतं.

भाचा : दुसरंही एक कारण असतं. वंश खुंटणं. यावर गणित आहे. १८७४ मध्ये फ्रान्सिस गॉल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी ते मांडलं. आडनाव फक्त मुलाकडून पुढे जात असेल, तर दर पिढीला काही घरांत मुलगा नसतो किंवा जगत नाही. मोठ्या आडनावाला ते जाणवत नाही, कारण शेकडो घरं शिल्लक असतात. थोड्या घरांचं आडनाव मात्र दोन-चार पिढ्यांत नुसत्या योगायोगाने संपू शकतं. कुणाचा दोष नाही, कुणाची पुण्याई नाही. याच घराचं बघ. धाकटा भाऊ लुडविग योझेफ १८५० मध्ये दोन वर्षांचा व्हायच्या आत गेला. फ्रीडरिशने लग्न केलं नाही आणि १९०० मध्ये तो वारला. एलिझाबेथला मूल नव्हतं. १९३५ मध्ये ती गेली आणि र्‍योकेनच्या त्या घरातलं आडनाव संपलं. आता जे कुणी आहेत ते इतर शाखांतले.

मावशी : आणि एलिझाबेथने काय केलं ते विसरलास. ती फ्योर्स्टरची विधवा होती. कायद्याने तिचं आडनाव फ्योर्स्टर. भावाची कीर्ती वाढायला लागली तशी तिने रीतसर परवानगी काढून फ्योर्स्टर-नीत्शे असं जोडनाव घेतलं. संग्रहालय, हस्तलिखितं, छपाईचे हक्क, साऱ्यावर तिचा ताबा त्याच नावाने चालला. तिच्या अंत्यविधीला हिटलर हजर होता. ज्या आडनावाचा आधार घेऊन भावाने जर्मन असणं नाकारलं, त्याच आडनावाच्या जोरावर बहिणीने त्याला नाझींच्या स्वाधीन केलं. भूमिका, भूमिका म्हणतोस ना? भूमिकेचं असं होतं. ती कुणीही उचलून नेतं.

भाचा : हे मी मान्य करतो. तरी माझं म्हणणं सोडत नाही. आडनावाच्या इतिहासात त्या पोलिश कहाणीलाही जागा द्यावी लागेल. ती खोटी आहे, असं स्पष्ट लिहून द्यावी, पण गाळू नये. ती गाळली तर हे आडनाव लावणारा माणूस त्याच्याशी इतकं का भांडला, ते कळणारच नाही.

मावशी : खोटी आहे असं लिहून देणार असशील, तर माझी हरकत नाही. पण मग सोर्बांची कहाणीही लिही, कारण ती खरी असून गाळली गेली. नाझींनी १९३७ मध्ये त्यांच्या 'डोमोविना' या मध्यवर्ती संस्थेवर बंदी घातली. त्याच्या आगेमागे लाउझिट्समधल्या गावांची स्लाव्ह नावं पुसून जर्मन नावं लावली. एकीकडे नीत्शेचे पूर्वज शुद्ध जर्मन असल्याचे पुरावे छापायचे आणि दुसरीकडे ते पूर्वज जिथून आले त्या मुलखाच्या पाट्या बदलायच्या! मला राग येतो तो याचा. एका उमराव कहाणीवर तू इतका जीव टाकतोस, त्यातला थोडा या लोकांसाठी ठेव.

भाचा : ठेवतो. पण आता त्यांच्यासाठी काही बदललंय का?

मावशी : एक गोष्ट बदलली आहे आणि तीही आडनावाचीच. सोर्बांमध्ये बायकोचं आडनाव नवऱ्याच्या आडनावापुढे 'ओवा' लागून होतं. नोवाकची बायको नोवाकोवा. घरात आणि चर्चमध्ये ते चालायचं, पण जर्मन सरकारच्या कागदावर ते बसत नव्हतं. १ मे २०२५ पासून जर्मनीत नावांचा नवा कायदा लागू झाला. सोर्ब बाईला आता सरकारी ओळखपत्रावर नोवाकोवा असं लिहून घेता येतं.